मातीच्या डोंगरांचे मोजमाप आणि गावाचा हक्क

दरड कोसळल्याची बातमी विदर्भात वाचली जाते ती परमुलखातली बातमी म्हणून. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव गाडले गेले आणि १५१ माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावात ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर डोंगर आला. तिथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ बेपत्ता माणसांचा शोध अखेर थांबवावा लागला. तिन्ही वेळी चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीकडच्या वाचकाने हळहळ व्यक्त केली आणि आपल्याकडे पूर आहे, वीज पडणे आहे, नापिकी आहे, पण दरड काही नाही, असे मानून पान उलटले. इरशाळवाडीबाबत शासनाने नंतर सांगितले की ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. यादीत नसलेल्या ठिकाणी काय घडू शकते याचा याहून स्पष्ट दाखला सापडणार नाही, आणि विदर्भातील बहुतेक धोक्याच्या जागा अशा कोणत्याच यादीत नाहीत.

अलीकडे प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर ड्रोन येतो. तो वरून चिखलाचे चित्रण करतो, वाहिन्या ते दाखवतात, शोधपथकांना त्याची मदतही होते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात शिरूरजवळ महामार्गावर दरड कोसळली, तेव्हा नदीत बुडालेला ट्रक कुठे असावा याचा अंदाज घेण्यासाठी ड्रोनवर बसवलेली यंत्रणा वापरली गेली. हे काम मोलाचे आहे, परंतु माझ्या मते ड्रोनचे खरे काम दुर्घटनेच्या आधीच्या वर्षांत असते, आणि विदर्भात ते काम करण्याची साधने, माणसे व संस्था हाताशी असूनही ते गावाच्या उपयोगी पडत नाही. कारण उंचीवरून घेतलेले मोजमाप कोणाचे, याचा निर्णय आपण अजून केलेला नाही.

विदर्भात सरकणारी जमीन दोन प्रकारची आहे. पहिली नैसर्गिक, मेळघाटातली. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत चिखलदरा अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, परतवाड्याहून वर जाणारा घाटरस्ता बेसॉल्टच्या थरांतून कापून काढलेला आहे, आणि पावसाळ्यात या व धारणीकडच्या रस्त्यांवर दगडमाती उतरणे नवे नाही. एक दरड पडली की पलीकडच्या कोरकू गावांतला रुग्ण, शिधा आणि शिक्षक तिघेही अडकतात. हा प्रश्न गंभीर आहे, पण तो निदान दिसतो. बांधकाम विभागाचा जेसीबी येतो, रस्ता मोकळा होतो, पुढच्या पावसाळ्यापर्यंत विषय मागे पडतो.

दुसरा प्रकार माणसाने उभा केलेला आहे आणि त्याविषयी फारच कमी लिहिले जाते. वर्धा नदीच्या खोऱ्यात वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. कोळशावरची माती आणि खडक काढून बाजूला टाकले की त्याचे ढिगारे होतात; कंपनीच्या कागदावर त्याला ओव्हरबर्डन म्हणतात, कामगार ओबी म्हणतात, आणि गावातली माणसे सरळ मातीचे डोंगर म्हणतात. ज्या मुलखात आजोबांच्या काळी वावराच्या धुऱ्यावरून क्षितिजापर्यंत पऱ्हाटी दिसत असे, तिथे आज वस्तीच्या मागे टेकड्या उभ्या आहेत आणि शाळेतली मुले त्यांना डोंगरच समजतात. या डोंगरांना मुळे नाहीत. त्यातले दगड आणि माती डंपरमधून जशी पडली तशी राहिलेली आहे, त्यातून पाणी कसेही वाट काढते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुष्कळ ठिकाणी त्यांचा पाया काळ्या मातीवर आहे.

काळ्या मातीचा स्वभाव विदर्भातल्या शेतकऱ्याला भूशास्त्रज्ञाने समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगाच्या पावसात ती फुगते, आणि ओली झाली की तिच्यावर बैलबंडीचे चाकसुद्धा टिकत नाही. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि तिची घसरण रोखण्याची ताकद झपाट्याने उतरते. अशा मातीवर तीस, साठ किंवा त्याहून अधिक मीटर उंचीचा ढिगारा ठेवला, किंवा तीच काळी माती ढिगाऱ्यात मुरुमाबरोबर मिसळून टाकली, तर भर पावसात तो संपूर्ण भार पायथ्याशी सरकू शकतो. वर्धा खोऱ्यातील ढिगारे घसरण्यामागे काळी माती हे एक प्रमुख कारण असल्याचे खाण अभियंत्यांनी नोंदवलेले आहे. म्हणजे शेतकऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट आणि अभियंत्याला ठाऊक असलेली गोष्ट एकच आहे, फक्त ती एका ठिकाणी बसून कधी बोलली गेलेली नाही.

जीवितहानी झालेलीच नाही असेही म्हणता येत नाही. २४ जून २००० रोजी वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या कावडी खुल्या खाणीत बाजू ढासळून दहा जणांचा मृत्यू झाला. तारीख लक्षात घेण्यासारखी आहे, कारण पावसाळ्याचे ते सुरुवातीचे दिवस. पण सगळा दोष पावसावर टाकता येत नाही, कारण झारखंडमधील लालमटियाच्या राजमहल खाणीत २३ माणसे गाडली गेली ती २९ डिसेंबर २०१६ रोजी, भर हिवाळ्यात. या दोन्ही घटनांत मेले ते खाणीत काम करणारे. ढिगारा वस्तीवर आला तर काय होते याचे उदाहरण वेल्समधील ॲबरफॅन या खेड्याचे आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तिथे कोळसाखाणीच्या मातीचा ढिगारा शाळेवर घसरला आणि १४४ जण मेले, त्यांत ११६ मुले होती. तो ढिगारा झऱ्यावर रचलेला होता. शाळेच्या मागे माल टाकला जात असल्याबद्दल स्थानिक नगर अभियंत्याने १९६३ मध्येच लेखी इशारा दिला होता. ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा त्या देशात झाला तो १९६९ मध्ये, म्हणजे मुले गेल्यानंतर.

आपल्याकडे कायदा आहे, आणि चांगला नेमका आहे. कोळसा खाण विनियम, २०१७ नुसार मातीच्या ढिगाऱ्याचा उतार क्षितिजाशी साडेसदतीस अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. ढिगारा तीस मीटरपेक्षा उंच होत असेल तर त्याला पायऱ्या पाडाव्या लागतात, एकही पायरी तीस मीटरपेक्षा उंच नसावी, आणि एकूण उतार दीड मीटर आडव्या अंतराला एक मीटर उंचीपेक्षा तीव्र नसावा. ढिगाऱ्याचा पायथा सार्वजनिक रस्ता, रेल्वे किंवा खाणमालकाची नसलेली इमारत यांच्यापासून शंभर मीटरच्या आत येऊ नये. हे आकडे इथे मुद्दाम दिले, कारण त्यांतला एकही आकडा जमिनीवरून पाहणाऱ्या गावकऱ्याला ठरवता येत नाही. ढिगारा उंच वाटतो, तिरपा वाटतो, घराजवळ आला असे वाटते. तक्रार अर्जात ‘वाटते’ हा शब्द आला की अर्ज तिथेच थांबतो; पाहणीला आलेला अधिकारी पायथ्याशी उभा राहून मान वर करतो आणि सर्व काही नियमानुसार असल्याचा अहवाल लिहितो. त्यालाही दोष किती द्यावा? त्याच्या हातातही टेप आणि डोळे यांपलीकडे फारसे काही नसते.

ड्रोन नेमका इथे कामाचा आहे. साधा कॅमेरा लावलेला छोटा ड्रोन शंभर मीटर उंचीवरून समांतर पट्ट्यांत उडवला आणि लगतची छायाचित्रे एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के येतील अशी घेतली, तर त्यांवरून संगणक त्या भागाचा त्रिमितीय आराखडा तयार करतो. चांगल्या कॅमेऱ्यात एक बिंदू जमिनीवरच्या सुमारे अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. जमिनीवर पक्क्या जागी रंगवलेल्या खुणांचे अचूक स्थान उपग्रहीय यंत्राने मोजून त्यात घातले, म्हणजे उंचीतली चूकही काही सेंटिमीटरच्या आत राहते. (या खुणा ढिगाऱ्यावर रंगवून उपयोग नाही. ढिगारा सरकला तर खुणाही सरकतील आणि मोजमाप सगळे आलबेल असल्याचे सांगेल. हे लिहावे लागते, कारण घाईने घेतलेल्या कामात अशी चूक सहज होते.) या आराखड्यावरून उतार, पायऱ्यांची उंची, पायथ्याचे घरापासूनचे अंतर, वरच्या कडेला पडलेल्या भेगा, पाणी साचलेले खड्डे हे सगळे टेबलावर बसून मोजता येते. कायद्यातले ते साडेसदतीस अंश आणि शंभर मीटर पहिल्यांदाच वादातीत होतात.

त्याहून मोठा लाभ दुसऱ्या उड्डाणात आहे. काही महिन्यांनी त्याच खुणा वापरून तोच भाग पुन्हा मोजला आणि दोन आराखडे एकमेकांतून वजा केले, की जमीन कुठे खाली बसली आणि कुठे वर आली याचा नकाशा मिळतो. काळ्या मातीवरचा ढिगारा कोसळण्यापूर्वी अनेकदा वरची कड थोडी खचते आणि पायथा बाहेर फुगतो, कधी कधी पायथ्यालगतच्या वावरातली जमीनच उचलली जाते. पिकात उभ्या असलेल्या माणसाला वीतभर उंचवटा लक्षात येत नाही, नकाशावर तो रंगाने वेगळा दिसतो. एकदाच केलेल्या ड्रोन सर्वेक्षणाला त्यामुळे फारसा अर्थ नाही. शासनाचा एकवेळचा प्रकल्प, उद्घाटन आणि छायाचित्रांचा अल्बम हा ज्यांना पुरेसा वाटतो त्यांनी ड्रोनच्या भानगडीत न पडलेले बरे.

या कामाला विदर्भाचे हवामान अनुकूलही आहे आणि प्रतिकूलही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर बारमाही हिरव्या झाडीमुळे कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही आणि झाडीतून जमिनीपर्यंत पोहोचणारे महागडे लेझर यंत्र लागते. मेळघाटातले जंगल सागाचे, पानगळीचे. मार्च ते मे या महिन्यांत ते जवळजवळ उघडे असते आणि साध्या कॅमेऱ्यालाही घाटाचा उतार, सुटलेले दगड, जुन्या घसरणीच्या खुणा दिसतात. मात्र त्याच मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि पुष्कळ लहान ड्रोनची कामकाजाची मर्यादा चाळीस अंशांची असते. तेव्हा उड्डाणे सकाळी लवकर उरकावी लागतात. जंगलातल्या उताराची तुलना उन्हाळ्याची उन्हाळ्याशीच करावी लागते; दिवाळीच्या सुमारास पाने आलेली असल्यामुळे आराखड्यात झाडांचे शेंडे मोजले जातात आणि नकाशा जमीन वर आल्याचे खोटेच सांगतो. खाणीचे उघडे ढिगारे मात्र पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा मोजता येतात, निदान त्यांच्यावर लावलेली झुडपे दाट होईपर्यंत.

आणि ज्या दिवशी गरज सर्वाधिक असते त्या दिवशी ड्रोन उडत नाही. सलग पाऊस, खाली उतरलेले ढग, सोसाट्याचा वारा यांत तो जमिनीवरच ठेवावा लागतो. अर्ध्या तासात बॅटरी संपते. तो अखंड पहारा देणारे यंत्र नव्हे, आणि ‘ड्रोनद्वारे दरडींवर चोवीस तास नजर’ अशा घोषणा जे करतात त्यांनी तो बहुधा कधी पावसात उडवून पाहिलेला नसतो. अखंड पहाऱ्यासाठी उतारावर रोखलेले रडार असते. अमेरिकेतील युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी प्रचंड दरड कोसळली, तरी एकाही माणसाला इजा झाली नाही, कारण सरकण्याचा वेग यंत्रांनी आधीपासून टिपलेला होता आणि माणसे वेळेत बाहेर काढली होती. असे रडार मोठ्या खाणीला परवडते आणि त्यांनी ते ठेवायलाच हवे. ते ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले नाही. उपग्रहांचीही मदत आहे. इस्रो आणि नासा यांचा निसार हा उपग्रह जुलै २०२५ मध्ये सोडला गेला. ढगांतून पाहू शकणाऱ्या त्याच्या रडारने दर बारा दिवसांनी त्याच जमिनीची पाहणी करण्याची योजना आहे. परंतु बारा दिवस हा मुसळधार पावसात फार मोठा काळ असतो.

पावसाळ्यातले रोजचे काम त्यामुळे गावातच करावे लागेल आणि ते अगदी स्वस्त आहे. उन्हाळ्यातल्या ड्रोन नकाशावर जिथे भेग दिसली तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळया रोवायच्या आणि त्यांच्यातले अंतर ठरलेल्या माणसाने टेपने मोजून वहीत लिहायचे. अंतर रोज वाढत असेल, आणि वाढीचा वेगही वाढत असेल, तर पायथ्याची घरे रिकामी करण्याची वेळ आली. कुठली भेग मोजायची हे ड्रोन सांगतो, आज किती रुंदावली हे सळई सांगते. ज्याला केवळ यंत्राचे कौतुक आहे तो दुसरा भाग विसरतो, आणि ज्याला यंत्राचा राग आहे तो पहिला.

घुग्घुसची घटना इथे आठवणे भाग आहे, कारण ती या साधनाची सीमा दाखवते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या वस्तीत एक घर बघता बघता जमिनीत गेले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती असे त्या वेळी सांगितले गेले. अशा पोकळीवरचे छत निसटते तेव्हा पृष्ठभागावर आधी काही सेंटिमीटरचा खळगा पडेलच असे नाही. तो पडला तर ड्रोनला सापडेल. न पडला तर नाही. तिथे खरी गरज जुन्या भूमिगत खाणींचे नकाशे आजच्या गावठाणावर ठेवून पाहण्याची आहे. तरीही ड्रोनच्या आराखड्याशिवाय ते नकाशे नेमके कोणत्या घराखाली येतात हे सांगणे अवघड आहे, आणि गावठाणांचा हा आराखडा तयार करण्याचे काम देशातल्या बहुतेक राज्यांत झालेले आहे.

स्वामित्व योजनेची इथे आठवण होते. एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाने ड्रोनने गावठाणे मोजली आणि त्यावरून घरांची मालमत्ता पत्रके तयार झाली; तिचा आरंभीचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता. आपल्याकडच्या गावांनीही चुन्याने आखलेल्या हद्दी आणि वर भिरभिरणारा ड्रोन पाहिला आहे. एवढ्या काटेकोरपणे घराची हद्द मोजता आली, तर घरामागच्या डोंगराची हद्दही मोजता येते. तंत्र तेच आहे, परवानग्यांची व्यवस्थाही जवळपास तीच.

किंबहुना हे मोजमाप पुष्कळ ठिकाणी होतच आहे, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये खनिज संवर्धन व विकास नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार वर्षाला दहा लाख टन किंवा त्याहून अधिक उत्खननाचा आराखडा असणाऱ्या, अथवा पन्नास हेक्टर किंवा त्याहून मोठा खाणपट्टा (खाणीसाठी भाडेपट्ट्याने मिळालेली जमीन) असणाऱ्या धारकाला, पट्टा आणि त्याच्या हद्दीबाहेरचे शंभर मीटर असे ड्रोन सर्वेक्षण दरवर्षी भारतीय खाण ब्युरोकडे सादर करावे लागते. गडचिरोलीतील सुरजागडचा लोहखनिजाचा पट्टा ३४८ हेक्टरांचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांच्या चुनखडीच्या खाणी आणि भंडारा-नागपूरच्या मँगनीज खाणी याच नियमांखाली येतात. हद्दीबाहेरचे ते शंभर मीटर म्हणजे कोणाचे तरी वावर, कोणाचा तरी गोठा, गावाचा नाला. त्यांचे चित्र दरवर्षी घेतले जाते आणि ज्याचे वावर आहे त्याला ते दाखवले जात नाही. हे नियम कोळशाला लागूच नाहीत. कोळशाच्या खाणींतही मोजमाप होते, लेझर स्कॅनरने होते, ड्रोननेही होते, पण त्याचा मुख्य हेतू किती घनमीटर माती हलवली हे ठरवण्याचा असतो, कारण कंत्राटदाराचे बिल घनमीटरवर निघते. ज्या आकड्यांवरून बिल काढता येते त्याच आकड्यांवरून उतारही काढता येतो. तो काढला तरी त्याचा कागद गावाच्या दिशेने येत नाही.

या सगळ्याचा एक पैलू विदर्भाला विशेष बोचणारा आहे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, कोळसा खाणींचे नियोजन करणाऱ्या संस्थेची प्रादेशिक शाखा, खाण सुरक्षा महासंचालनालयाचे कार्यालय, सगळे नागपुरात. देशात जमीन मोजण्याचे आणि जमिनीखालचे वाचण्याचे एवढे ज्ञान एका शहरात फार थोड्या ठिकाणी एकवटले असेल. तिथून वणी किंवा राजुरा काही तासांच्या रस्त्यावर आहे. अनुशेषाची चर्चा आपण निधीच्या भाषेत करत आलो. माहितीचा अनुशेष मात्र नागपूर आणि आपली खेडी यांच्या दरम्यानच आहे, मुंबईला त्याचा दोष देता येणार नाही.

यावर अधिकाऱ्यांकडून येणारे आक्षेप ठरलेले आहेत. माहिती व्यापारी स्वरूपाची आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि लोकांच्या हाती अर्धवट समजलेला नकाशा गेला तर घबराट पसरेल. व्यापारी माहितीचा मुद्दा खाणीच्या आतल्या उत्पादनाबाबत खरा धरला, तरी ढिगाऱ्याच्या बाहेरच्या उतारात कोणते व्यापारी गुपित आहे हे कळत नाही. तो उतार रस्त्यावरून जाणारी एसटीसुद्धा पाहते. सुरक्षेचा मुद्दा काही ठिकाणी, उदाहरणार्थ भद्रावतीच्या आयुध निर्माणीच्या परिसरात किंवा गडचिरोलीच्या काही भागांत, खराच आहे आणि तिथे उड्डाणाची परवानगी वेगळ्या पद्धतीने घ्यावी लागेल. बाकीच्या ठिकाणी २०२१ च्या ड्रोन नियमांनी हिरव्या, म्हणजे निर्बंध नसलेल्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत उड्डाण मोकळे केले आहे, आणि त्याच वर्षीच्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली आहे. घबराटीच्या आक्षेपात मात्र थोडे तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर माहिती दडवण्याने मिळत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये न मागता माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणांवर आहेच.

गावाच्या बाजूचा संशयही समजून घ्यायला हवा, कारण तो निराधार नाही. कोळसापट्ट्यात गावावर यंत्र घेऊन कोणी आले की लोकांना आधी १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा आठवतो. मोजणी म्हणजे संपादनाची चाहूल, हा दोन-तीन पिढ्यांचा अनुभव आहे. गडचिरोलीत तर आकाशातला आवाज आणखी वेगळ्या गोष्टींची आठवण करून देतो. अशा ठिकाणी ग्रामसभेला न विचारता ड्रोन उडवणे म्हणजे पहिल्याच दिवशी काम बुडवणे होय. उड्डाण कशासाठी, कोणत्या हद्दीत, छायाचित्रे कुठे राहणार, घरांच्या अंगणाचे चित्र कोण पाहणार, हे आधी सांगून ठराव घेतला पाहिजे.

नकाशा गावाला कळणार कसा, या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशात जाण्याचे कारण नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली ती अभ्यासगटांच्या जोरावर. विषय आधी अभ्यासगटात समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलावून शंका विचारायच्या, आणि मग सर्वांनी मिळून ग्रामसभेत निर्णय करायचा, अशी ती पद्धत आहे. वनहक्काच्या कायद्यातली कलमे ज्या गावाने अशी पचवली, तशाच गावांना उताराचा रंगीत नकाशा पचणार नाही असे मानणे हा शिकलेल्या माणसाचा अहंकार आहे. ढिगाऱ्यालगतच्या दहा-पंधरा माणसांचा, त्यांत निम्म्या बाया असलेला, एक अभ्यासगट प्रत्येक गावात होऊ शकतो.

उडवणार कोण, याबाबत मला एक सूचना करावीशी वाटते, आणि तिच्यातल्या अडचणीही ठाऊक आहेत. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले आणि निवडलेल्या महिलांना पंधरा दिवसांचे प्रशिक्षण देण्यात येते. हे ड्रोन फवारणीचे आहेत, त्यांच्यावर औषधाची टाकी असते, मोजणीचा कॅमेरा नसतो. त्यामुळे तेच यंत्र वापरता येणार नाही. पण यंत्र विकत घेणे सोपे असते, प्रमाणपत्र असलेला, गावात राहणारा, तिथल्या वाऱ्याची सवय असलेला चालक मिळणे कठीण असते. कपाशी-सोयाबीनच्या हंगामाबाहेर, म्हणजे नेमक्या एप्रिल-मे महिन्यांत, फवारणीचे काम नसते. त्या काळात या महिलांना मोजणीच्या ड्रोनचे काम देऊन ठरलेली मजुरी दिली, छायाचित्रांवरची संगणकीय प्रक्रिया नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्राने केली, आणि खर्च जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून झाला, तर नवीन संस्था काढावी लागत नाही. हा निधी खाणबाधित भागासाठीच आहे. खाणकंपनीने स्वतःच्या सर्वेक्षकाकडून केलेली मोजणी चालूच राहावी. दोन स्वतंत्र मोजण्या जुळतात की नाही हे पाहण्यात दोघांचेही हित आहे. गावातल्या ड्रोन दीदीवर कंपनीचे कंत्राटदार दबाव आणू शकतात, हे मी नाकारत नाही, म्हणून तिचे मानधन आणि अहवाल यांचा संबंध जिल्हाधिकारी कार्यालयाशी असावा, स्थानिक व्यवस्थापनाशी नसावा.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा निकडीचा आहे. राज्यात ग्रामसभा ज्या दिवशी हटकून होते त्यांत १ मे आहे. विदर्भात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यावर पोहोचतो. ढिगाऱ्याचे आणि घाटाचे उड्डाण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात झाले, तर १ मे च्या ग्रामसभेत गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आराखडा शेजारी शेजारी लावता येतो, साडेसदतीस अंशांहून तीव्र असलेली जागा लाल दाखवता येते, आणि वरच्या कडेचा भार कमी करायचे काम, चर खोदायचे काम, सळया रोवायचे काम यांसाठी सहा आठवडे हातात राहतात. तोच ठराव मे महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत गेला पाहिजे. आज त्या बैठकीत नाल्यांची सफाई, बोटी, सर्पदंशावरचे प्रतिविष आणि नदीकाठच्या पूरग्रस्त गावांची यादी असते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडेच असल्यामुळे तिथे ढिगाऱ्यालगतच्या गावांची यादी जोडायला मुंबईहून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. कोणत्या घरांना कोणत्या अंतराच्या भेगेला हलवायचे, ती माणसे कोणत्या शाळेत जातील, आणि रात्री दोन वाजता निर्णय पोलीस पाटलाने घ्यायचा की तहसीलदाराच्या फोनची वाट पाहायची, हे त्याच बैठकीत लिहून ठेवावे लागेल.